रात्रभर विस्तव राखणें

घर्षणानें पेटणाऱ्या काड्यांची विक्री इंग्लंडमध्यें जॉन वॉकर नांवाच्या औषध-विक्रेत्यानें १८२७ सालीं सुरू केली. तत्पूर्वीं हजारों वर्षें विस्तव नव्यानें निर्माण करण्यापेक्षां असलेला टिकविणें हेंच मनुष्याला अधिक सोयीचें वाटत आलें होतें. महाराष्ट्रांतील गृहिणी रात्रीं स्वयंपाकघर आवरतांना चुलींतील एखादा जाड निखारा राखेखालीं पुरून ठेवीत, व पहांटे राख बाजूस सारून, गोवरीचा तुकडा त्यावर धरून, फुंकणीनें त्याला पुन्हां जागें करीत. ज्या घरचा विस्तव विझला असेल त्या घरचें मूल शेजारीं जाऊन खापरीवर विस्तव मागून आणी. अग्निहोत्र्याच्या घरीं तर गार्हपत्य अग्नि अखंड ठेवणें हें व्रतच असे. युरोपांतहि प्रकार निराळा नव्हता. दंग्याच्या दिवसांत वृत्तपत्रांतून वाचावयास मिळणारा 'कर्फ्यू' हा शब्द मूळचा जुन्या फ्रेंच भाषेंतील असून त्याचा अर्थ 'विस्तव झांका' एवढाच आहे. मध्ययुगीन नगरांत संध्याकाळीं घंटा होई, आणि लांकडी घरांना रात्रीं आग लागूं नये म्हणून प्रत्येकानें आपला विस्तव राखेनें झांकावा असा दंडक असे. पुढें विस्तव राहिला बाजूला, आणि मनुष्यालाच घरांत झांकून ठेवण्याची आज्ञा हा त्या शब्दाचा अर्थ होऊन बसला.

परंतु निखारा जिवंत ठेवणें निराळें आणि घर ऊबदार ठेवणें निराळें. राखेखालचा निखारा सकाळपर्यंत जगतो, तो उष्णता फारशी देत नाहीं म्हणूनच. शीत प्रदेशांतील गृहस्थाला मात्र दोन्ही गोष्टी हव्या असतात. अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यांतील व्हर्माँट, न्यू हॅम्पशायर व मेन या राज्यांत जानेवारीच्या रात्रीं पारा शून्याखालीं वीस अंश सेल्सिअसपर्यंत उतरणें हें नवलाचें नाहीं, आणि एखाद्या रात्रीं तो तिसाच्याहि खालीं जातो. तेथील खेड्यापाड्यांतून अनेक कुटुंबें अद्यापि लांकडावर चालणाऱ्या बंद लोखंडी शेगडीच्या आधारानें हिंवाळा काढतात. रात्रीं दहा वाजतां निजावें व सकाळीं सहाला उठावें म्हटलें तर मध्यें आठ तास जातात. तेवढ्या अवधींत शेगडी थंड पडली तर भिंतींतील पाण्याचे नळ गोठूं लागतात. गोठतांना पाणी फुगतें, नळ तडकतो, आणि त्याचा पत्ता लागतो तो बर्फ वितळून तळघरांत पाणी साचल्यावर. घरांत तान्हें मूल किंवा वृद्ध मनुष्य असेल तर नळांची काळजी दुय्यम ठरते. मध्यरात्रीं दोन वाजतां उठून लांकूड टाकणें हा उपाय आहेच. पण तो चार महिने रोज करावा लागला म्हणजे मनुष्य टेकीस येतो, आणि टेकीस आलेला मनुष्य मग शेगडीशीं नको त्या युक्त्या करूं लागतो. त्या युक्त्यांनीं किती घरें जळलीं व किती माणसें निजल्या जागीं मेलीं, हा या विषयाचा गंभीर भाग आहे.

प्रथम साधें अंकगणित पाहिलें पाहिजे. कारण पुष्कळसे भ्रम तेथेंच दूर होतात. चांगलें वाळलेलें एक किलो लांकूड जळलें असतां विजेच्या हिशेबानें सुमारें चार युनिट उष्णता निघते. शेगडीच्या पोटांत अशीं वीस किलो लांकडें मावलीं, तर ऐंशी युनिटें झालीं. त्यांपैकीं धुराबरोबर कांहीं भाग जाणारच. चांगल्या शेगडींत शेंकडा सत्तर भाग घरांत उतरतो असें धरलें, तरी छपन्न युनिटें राहिलीं. आठ तासांनीं भागिलें असतां ताशीं सात युनिटें पडतात, म्हणजे एक किलोवॅटच्या विजेच्या सात शेगड्या रात्रभर चालविल्यासारखें झालें. मध्यम आकाराच्या घराला एवढी ऊब पुरेशी आहे. परंतु ज्या शेगडींत आठच किलो लांकूड मावतें, तिच्यापासून आठ तासांत ताशीं तीन युनिटेंहि मिळत नाहींत. अशी छोटी शेगडी विकत घेऊन ती रात्रभर कशी जळेल याचा शोध करीत बसणें म्हणजे तांब्याभर पाण्यांत हौद भरण्याची खटपट होय. रात्रभर उष्णता हवी असेल तर ती निजण्यापूर्वीं लांकडाच्या रूपानें शेगडीच्या पोटांत असलीच पाहिजे. हाच हिशेब उलट बाजूनेंहि मांडतां येतो. ज्या घराच्या खिडक्यांच्या फटींतून वारा शिरतो, ज्याच्या माळ्यावर कसलेंहि आच्छादन नाहीं, त्या घराला सातांच्या जागीं बारा युनिटेंहि पुरणार नाहींत. व्हर्माँटमधील जुने जाणते शेतकरी शेगडी बदलण्यापूर्वीं फटी बुजवितात, तें उगीच नव्हे.

आतां लांकूड जळतें म्हणजे काय होतें, तें पाहूं गेल्यास असें दिसतें कीं 'लांकूड जळतें' हें बोलणें अर्धेंच खरें आहे. लांकूड तापूं लागलें कीं प्रथम त्यांतील पाणी वाफ होऊन जातें. मग सुमारें अडीचशें अंशांपासून पुढें लांकूड स्वतःच विघटन पावूं लागतें व त्यांतून ज्वालाग्राही वायु बाहेर पडतात. पिंवळी ज्वाला दिसते ती या वायूंची. वाळलेल्या लांकडाच्या वजनाचा सुमारें तीन-चतुर्थांश भाग असा वायुरूप होऊन निघून जातो. उरलेला पाव भाग कोळसा होय. तो ज्वालेवांचून, आपल्या पृष्ठभागावरून, सावकाश व तांबडा होऊन जळतो. त्याला हवा थोडी पुरते, आणि वर राखेचा थर चढला म्हणजे तो आणखीच मंद होतो. म्हणून शेगडीची रात्र हें दोन अंकी नाटक आहे असें म्हणण्यास हरकत नाहीं. पहिल्या तीन-चार तासांत ज्वालेचा अंक होतो. त्यानंतरचा सारा वेळ निखाऱ्यांचा असतो. रात्र लांबवावयाची ती निखाऱ्यांच्या अंकांत. ज्वालेचा अंक ओढून ताणून लांबविणें हीच मोठी चूक होय. लांकडांतील वायु चांगले जळण्यास सहाशें अंशांच्या आसपास उष्णता लागते. शेगडी त्याहून थंड ठेवली तर ते न जळतांच धूर होऊन धुराड्यांत शिरतात. घरच्या ऊबेचा मोठा वांटा त्या धुराबरोबर जातो, आणि मागें जें उरतें तें त्याहून वाईट असतें. पण तो भाग पुढें येईल.

यावरून लांकूड कोणतें घ्यावें हें उघड होतें. जड व घट्ट धाग्याचें लांकूड घ्यावें, कारण तेवढ्याच जागेंत त्याचें वजन अधिक मावतें व त्याचा निखारा टिकाऊ असतो. महाराष्ट्रांत बाभळीच्या विस्तवाची जी ख्याति आहे, तीच त्या प्रदेशांत साखर-मेपल, ओक व ॲश या झाडांची आहे. पाइनसारखें हलकें लांकूड चटकन पेटतें, मोठी ज्वाला देतें आणि तितक्याच लौकर राख होतें. तें संध्याकाळीं शेगडी पेटविण्यास उत्तम, रात्रीस निरुपयोगी. परंतु जातीपेक्षांहि वाळवणीचें महत्त्व अधिक आहे. नुकत्याच पाडलेल्या झाडाच्या लांकडांत, कांहीं जातींच्या बाबतींत, जवळजवळ निम्मे वजन पाण्याचें असतें. अशीं वीस किलो लांकडें शेगडींत रचणारा गृहस्थ त्यांच्याबरोबर बादलीभर पाणीच आंत ओतीत असतो. तें पाणी उकळून घालविण्यांत विस्तवाची शक्ति खर्च होते, शेगडीचें पोट थंड राहतें आणि वायु जळत नाहींत. पाण्याचें प्रमाण शेंकडा वीसच्या खालीं आणावें असा सर्वमान्य नियम आहे. त्यासाठीं झाड तोडून, ओंडके फाडून, त्यांची रास उन्हावाऱ्यांत, जमिनीपासून उंच, वरून झांकलेली व बाजूंनीं मोकळी अशी ठेवावी लागते. मेपलला एक वर्ष पुरतें. ओकला दोन उन्हाळे तरी द्यावे लागतात. तेथील लांकूड 'कॉर्ड' या मापानें विकतात. चार फूट रुंद, चार फूट उंच व आठ फूट लांब, म्हणजे १२८ घनफुटांची ही रास असते. विक्रेते प्रत्येक रास 'वाळलेली' म्हणूनच विकतात. त्या शब्दावर विसंबून पुढील हिंवाळ्याचें लांकूड ऑक्टोबरांत घेणारा मनुष्य जानेवारींत पस्तावतो. वाळलेल्या ओंडक्याच्या टोकांना भेगा पडलेल्या असतात, आणि दोन ओंडके एकमेकांवर आपटले असतां टणक, पोकळ नाद येतो. ओल्यांचा आवाज बद्द असतो. आजकाल हातांत मावणारें ओलावा-मापक यंत्रहि मिळतें. तें मात्र ओंडका ताजा फाडून त्याच्या आंतल्या अंगाला लावावें, कारण वरचें अंग नेहमींच खोटी साक्ष देतें.

निजतेवेळची कृति अशी. साडेनऊच्या सुमारास पहिला विस्तव निखाऱ्यांवर आलेला असावा. भरपूर ज्वाला चालू असतां वर लांकडें रचणें सोयीचेंहि नाहीं व सुरक्षितहि नाहीं. दार एकदम उघडूं नये. प्रथम हवेची झडप पूर्ण मोकळी करून, दार बोटभर किलकिलें ठेवून क्षणभर थांबावें, म्हणजे आंतला धूर धुराड्याच्या वाटेनें निघून जातो व खोलींत येत नाहीं. मग निखारे ओढून दाराजवळ, हवा शिरते त्या बाजूस गोळा करावे. तळाशीं बोटभर राख राहूं द्यावी. ती सगळी काढून स्वच्छ लोखंडावर विस्तव करणें हा टापटिपीच्या माणसांचा दोष आहे, कारण निखाऱ्याला राखेची गादी लागतेच. मागच्या मोकळ्या जागेंत सर्वांत जाड, न फाडलेले किंवा एकदांच फाडलेले ओंडके दाटीनें, एकमेकांस चिकटून बसवावे. बारीक ढलप्यांना पृष्ठभाग फार. त्या सगळ्या एकदम पेटतात. जाड ओंडक्यांच्या घट्ट राशीला विस्तव समोरून लागतो व तो हळूहळू मागें सरकत जातो, विडी एका टोकानें पेटून दुसऱ्या टोकाकडे जावी तसा.

ओंडके बसल्यावर दार लावावें. परंतु झडप मात्र लागलीच आवळूं नये. दहा-पंधरा मिनिटें, प्रसंगीं वीस, हवा मोकळी ठेवून नवीन लांकडाचा दर्शनी भाग काळा होईपर्यंत व धुराडें चांगलें तापेपर्यंत विस्तव भरास येऊं द्यावा. नंतर झडप तीन-चार टप्प्यांनीं कमी करावी, आणि प्रत्येक टप्प्यानंतर थोडें थांबून दाराच्या कांचेंतून पाहावें. लांकडांच्या वरच्या अंगाला आळसावलेली पण जिवंत ज्वाला खेळत असेल तर टप्पा योग्य आहे. ज्वाला नाहींशी होऊन आंत नुसता धूर कोंदला, तर झडप पुन्हां उघडावी. बाहेर जाऊन धुराड्याच्या तोंडाकडे पाहणें हीहि एक निश्चित परीक्षा आहे. चांगल्या विस्तवाच्या धुराड्यावर नुसती हवा थरथरतांना दिसते, फार तर कडाक्याच्या थंडींत वाफेचा पांढरा पुंजका उठून लगेच विरतो. निळसर-करडा धूर लांबवर तरंगत गेला तर आंत विस्तव कुजत आहे असें समजावें. ही सारी कृति अर्ध्या तासाची आहे. ज्याला झोंप अनावर झाली आहे त्याला हा अर्धा तास जड जातो, व तो ओंडके कोंबून झडप घट्ट लावून पांघरुणांत शिरतो.

असें करणाऱ्यांचा एक काळच येऊन गेला. १९७३ सालीं खनिज तेलाचे भाव भडकले तेव्हां अमेरिकेंतील लक्षावधि लोक पुन्हां लांकडाकडे वळले. त्या काळच्या नव्या शेगड्या हवाबंद असल्याचा मोठा अभिमान त्यांच्या विक्रेत्यांना असे. झडप आवळली कीं बारा-बारा तास विस्तव टिके, हें खरें. पण तो विस्तव नव्हता, धुमसणें होतें. न जळलेले वायु धुराड्यांत वर चढत, आणि तेथें सुमारें सव्वाशें अंशांहून थंड पृष्ठभाग लागला कीं वाफेसह त्याला चिकटून डांबरासारखा काळा चीक जमे. त्यालाच क्रिओसोट म्हणतात. महिनोन् महिने थरावर थर चढत, आणि मग एके दिवशीं कोणी संध्याकाळीं वाळकीं खोकीं-बिकीं घालून शेगडी भरधांव पेटविली कीं तो सारा थर पेट घेई. धुराड्याची आग ज्यांनीं ऐकली आहे ते तिला आगगाडीच्या घोषाची उपमा देतात. आंतील उष्णता हजार अंशांच्या पुढें जाऊं शकते. विटा तडकतात, आणि शेजारच्या तुळया पेटतात. ज्या घराला ऊब मिळावी म्हणून शेगडी आणली तें घरच अशा रीतीनें जळे. म्हणून वर्षांतून एकदां तरी धुराडें झाडून घेणें, व लांकूड संशयास्पद असेल तर हिंवाळ्याच्या मध्यांतहि पुन्हां तपासणें, ही त्या प्रदेशांतील शहाण्या घरांची रीत आहे.

सरकारनेंहि शेवटीं या धुराकडे लक्ष दिलें. अमेरिकेच्या पर्यावरण-संरक्षण खात्यानें १९८८ सालीं नव्या शेगड्यांतून ताशीं किती धूलिकण बाहेर पडावेत याची मर्यादा घातली. २०१५ च्या सुधारित नियमांनीं, २०२० पासून ती दोन ते अडीच ग्रॅमांवर आणली. या सक्तीमुळें शेगड्यांच्या रचनेंत मात्र फरक पडला. कांहींत पोटाच्या वरच्या भागीं बारीक भोंकांच्या नळ्या बसवून तापलेली हवा तेथेंच वायूंत मिसळवितात, म्हणजे धूर वर जाण्यापूर्वीं जळून जातो. दुसऱ्या प्रकारांत धुराच्या वाटेवर मधाच्या पोळ्यासारखी सच्छिद्र चकती असते व तिच्यावर प्लॅटिनम किंवा पॅलेडियम धातूचा सूक्ष्म लेप असतो. त्याच्या सान्निध्यांत सहाशेंच्या ऐवजीं सुमारें अडीचशें-पावणेतीनशें अंशांवरच वायु जळूं लागतात. मंद विस्तव व स्वच्छ धूर यांचें हाडवैर एवढ्याच जातीच्या शेगडींत मिटलेलें दिसतें, आणि ज्याला रात्रभर संथ ऊब हवी आहे त्यानें ती घ्यावी हें योग्यच. मात्र त्या चकतीला ओलें लांकूड व रंगीत कागद अपायकारक असतात, व कांहीं वर्षांनीं ती बदलावी लागते.

धुराड्याच्या आगीला निदान आवाज असतो. दुसऱ्या शत्रूला आवाज नाहीं, रंग नाहीं, वासहि नाहीं. निखारे अपुऱ्या हवेंत जळतांना कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु उत्पन्न होतो, आणि रक्तांतील तांबड्या द्रव्याला तो प्राणवायूपेक्षां दोनशें पटींहून अधिक बळानें चिकटतो. पहांटेच्या सुमारास निखारे विझत आले, धुराडें थंड पडलें, वरच्या बाजूस कोठें काजळीनें वाट अडली, कीं धुराड्याची ओढ मंदावते व हा वायु खोलींत उतरूं लागतो. निजलेल्या मनुष्याला फक्त गाढ झोंप लागते. प्रसिद्ध फ्रेंच कादंबरीकार एमील झोला १९०२ च्या सप्टेंबरांत पॅरिस येथें आपल्या शयनगृहांत असाच मृत्यु पावला. धुराडें तुंबलेलें होतें. त्याची पत्नी त्याच खोलींत होती, ती वांचली. उत्तर हिंदुस्थानांतहि कडाक्याच्या थंडींत बंद खोलींत कोळशाची अंगीठी ठेवून निजलेल्या कुटुंबांच्या मृत्यूच्या बातम्या वारंवार येतात. तेथें तर धुराडेंच नसतें. काश्मीरची बुखारी नळीवाटे धूर बाहेर सोडते म्हणून तिचा प्रकार बरा, पण नळीचा सांधा सुटला कीं तीहि तितकीच घातक. निजण्याच्या खोलीजवळ या वायूची सूचना देणारें घंटायंत्र लावणें आतां सहज शक्य आहे. शेगडीच्या किमतीच्या मानानें त्याचा खर्च नगण्य असतो.

स्वीडनमध्यें या प्रश्नाकडे अगदीं उलट बाजूनें पाहण्यांत आलें. तेथें अठराव्या शतकांत जंगलें तुटून सरपणाची टंचाई भासूं लागली, तेव्हां कार्ल योहान क्रोनस्टेट व फाबियान व्रेडे या दोघांनीं १७६७ सालीं नव्या धर्तीची विटांची शेगडी सिद्ध केली. तिच्या पोटांत धूर सरळ वर न जातां नागमोडी वाटांनीं वरखालीं फिरतो व जातां जातां आपली उष्णता विटांना देऊन टाकतो. लांकूड झडझडून, भरपूर हवेंत, तास-दोन तासांत जाळून टाकावयाचें. त्यामुळें धूर थोडा व चीक जवळजवळ नाहींच. मग विस्तव नसतो, पण तापलेल्या विटा रात्रभर ऊब देत राहतात. रात्रभर विस्तव राखण्याऐवजीं रात्रभर उष्णता राखावी, अशी ही कल्पना आहे. रशियांतील मोठ्या भट्टीचेंहि तत्त्व हेंच. अडचण एवढीच कीं अशी शेगडी म्हणजे टनावारी वजनाचें बांधकाम; तें घर बांधतांनाच योजावें लागतें. तिच्यांतहि एक धोका आहेच: ऊब वांचावी म्हणून निखारे पुरते विझण्यापूर्वीं धुराड्याची झडप लावली कीं तोच विषारी वायु घरांत साठतो. रशियन भाषेंत या वायूला व त्याच्या बाधेला 'उगार' असा स्वतंत्र शब्दच आहे, यावरून तो प्रसंग किती परिचयाचा असावा हें दिसतें.

लोखंडी शेगडीपाशीं सकाळीं सहा वाजतां काय आढळावें? ज्वाला नसावी. समोर राखाडी ढीग असावा, आणि सळईनें तो उकरतांच आंतून तांबडे, अंगठ्याएवढे, मुठीएवढे निखारे दिसावेत. लोखंडाला हात लावतां येऊं नये इतकी ऊब अद्यापि असावी. ते निखारे पुढें ओढून, झडप मोकळी करून, पाइनच्या चार बारीक ढलप्या टाकल्या कीं काडी न लावतां पांच मिनिटांत ज्वाला उठते. रात्रभर विस्तव राहिला याचा अर्थ एवढाच. सकाळीं आठ तासांपूर्वींचीच प्रखर ज्वाला मिळावी अशी अपेक्षा धरणाऱ्यालाच रात्रीं झडप आवळण्याचा मोह होतो.

राखेचा थर वाढला म्हणजे तीन-चार दिवसांनीं थोडी राख काढावी लागते, आणि येथेंहि पुष्कळांचा घात झालेला आहे. जो गुण महाराष्ट्रांतील गृहिणीचा निखारा पहांटेपर्यंत जगवीत असे, तोच गुण बादलींतल्या राखेंत असतो. वरून थंड दिसणाऱ्या राखेंत निखारा दोन-दोन, चार-चार दिवस जिवंत राहतो. अशी राख कागदी पिशवींत भरून लांकडी ओसरीवर ठेवलेल्या घरांना दुसऱ्या दिवशीं वारा सुटल्यावर आग लागल्याचीं उदाहरणें तेथील अग्निशामक दलांच्या परिचयाचीं आहेत. म्हणून राख लोखंडी बादलींत भरतात, तिला घट्ट झांकण घालतात, आणि ती घरापासून दूर, उघड्या जमिनीवर आठवडाभर तशीच राहूं देतात. मग ती पुरती निवल्यावर दारापुढील निसरड्या बर्फावर पसरतात, म्हणजे पाय घसरत नाहीं.